आईचा तानपुरा शिकागोला नेला त्याची गोष्ट

पहिला दिवस, मिरज

सकाळी सहाला पुण्यातून निघालो, दादा गाडी चालवत होता आणि मी मागे, एक सीट पाडून तानपुरा आडवा ठेवलेला, त्याच्या भोपळ्यावर माझा एक हात सगळा रस्ताभर. सातारा, कराड, पेठ नाका, सांगली करत मिरजेत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. हा तानपुरा आईचा, 1968 साली तिच्या वडिलांनी मिरजेतूनच करून घेतलेला, काळी चारच्या सुराचा. आई आता 84 वर्षांची आहे, खाली बसवत नाही, गुडघे पार गेलेत. माझी लेक शिकागोजवळ नेपरविलला राहते, तिथे ती गाणं शिकते, आणि गेल्या वर्षी आईने स्वतःच सांगितलं की हा आता तिच्याकडे जाऊ दे, कपाटावर पडून राहिला तर आवाज मरतो त्याचा.

लेक आधी नको म्हणत होती. आई, ॲपवर तानपुरा आहे की, उगीच एवढं ओझं कुठे आणतेस. मग मागच्या दिवाळीत आली तेव्हा आजीने तिला तो मांडीवर घेऊन वाजवायला लावला, जवळजवळ तासभर, आणि मध्येच पोरगी थांबली आणि म्हणाली आजी, ग कुठून येतोय? तार तर सा ची आहे. आई एवढंच म्हणाली, हां, आता ऐकू आला तुला. खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार नीट लागलेली असली आणि जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीच्या माथ्याची घासणी, मोकळी असली की त्यातून गंधार आपोआप उमटतो, तो कुणी छेडलेला नसतो. ॲप मीही रोज वापरते, स्वयंपाक करताना रियाजाला फार सोयीचं आहे, पण त्यातला आवाज तेवढाच तुकडा फिरून फिरून येतो, आणि तो कानाजवळ लाकडातून, मांडीतून अंगात येत नाही. ते ऐकल्यावर लेकीने परत नको म्हटलं नाही.

सतारमेकर गल्लीत ज्यांच्या आजोबांनी हा तानपुरा केला त्याच घरात गेलो. मिरजेत हे काम 1850 च्या सुमाराला फरीदसाहेबांनी सुरू केलं, मुळात ही घराणी शिकलगार, म्हणजे तलवारी भाल्यांना धार लावणारी, संस्थानी काळात शस्त्रांचं काम कमी होत गेलं तसे हात वाद्यांकडे वळले. आज सहावी सातवी पिढी हेच करते. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूचं, मानांकन मिळालं, त्याचा कागद दुकानात मोठा करून लावलाय. माळ्यावर भोपळ्यांची रास होती, पंढरपूर मंगळवेढ्याकडून येतात हे, कडू भोपळे, खाण्याचे नव्हेत, वेलीवरच पूर्ण पिकवून मग महिनोन्‌महिने वाळवतात.

तिथले कारागीर चाचा, त्यांनी तानपुरा उघडला, भोपळ्यावर बोटाच्या पेराने दोन चार ठिकाणी टकटक केलं, कान लावला, मग गळ्याच्या जोडावरून अंगठा फिरवला. "भोपळा एक नंबर आहे ताई, आता असला मिळत न्हाई. पण ही घोडी न्यायची न्हाई तुम्ही." घोडी म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती, तिचा वरचा भाग शिंगाचा होता, सांबराच्या. पूर्वी सर्रास वापरायचे, आता वन्यजीव कायद्यात शिंगाचा व्यापार बंद आहे आणि असली वस्तू सीमेपार न्यायची म्हणजे जप्तीच. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं असं वाटलं, मी तर विमानाच्या डब्याच्या मापातच अडकले होते. आईच्या तानपुऱ्याची जवारी त्या शिंगावर होती, 50 वर्षं तो आवाज त्याच्यावर बसलेला. माझा जीव खाली वर झाला. चाचा म्हणाले शिसवी बसवून देतो, थोडी बसायला वेळ घेईल, पण आवाज देतो मी तुम्हाला.

मग साडेतीन तास ते काम चाललं आणि मी हलले नाही तिथून. घोडीचा माथा बघताना सपाट वाटतो पण तो सपाट नसतो, पुढे किंचित उतरता असतो, त्या उतारावर तार जिथे जिथे हलके टेकते तिथे तो झणत्कार तयार होतो. कानशीने दोन हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, उतरवायची, परत दोन हात. बारीक पॉलिश पेपर. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, तो एका जागी आला की आवाज एकदम उमलतो, केसभर पुढे मागे झाला की मिटतो. चाचा प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकत होते, बाहेर रिक्षा, फेरीवाला, सगळं चालू. चौथ्या तारेला त्यांनी सर्वात जास्त वेळ दिला.

लाकडाचं नाव बिलावर लिहून घेतलं. 2017 ला शिसवाच्या जातीच्या जवळजवळ सगळ्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, वाद्यवाल्यांचे फार हाल झाले तेव्हा, 2019 नंतर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरी कागद जवळ असलेला बरा. जुनी घोडी फडक्यात बांधून दिली, ती आईकडेच राहणार.

निघताना मीरासाहेब दर्ग्यात जाऊन आलो. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथेच आहेत, 1937 ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत एका रेल्वे स्टेशनवर गेले आणि मिरजेला आणून दफन केलं. उरुसाला अजून गाणारे वाजवणारे येऊन हजेरी लावतात. मी कबरीपाशी नुसती उभी राहिले दोन मिनिटं. दादा म्हणाला काय मागितलंस, म्हटलं नीट पोचू दे.

दुसरा दिवस, पुणे

पॅकिंग. फायबरचा डबा आधीच करून घेतला होता, आतून फोमचा. पण डबा असला म्हणजे झालं असं नाही, चाचांनी बजावून सांगितलं होतं की आत वाद्य हललं तर डबाच त्याला मारतो. सगळ्यात नाजूक जागा गळा, म्हणजे दांडी भोपळ्याला जिथे जोडलेली असते ती, आणि मग खुंट्या. बाजूच्या दोन खुंट्यांना डबा आडवा पडला की सरळ मार बसतो म्हणून त्या तारेसकट काढून घेतल्या, प्रत्येक खुंटी आपल्याच भोकात बसते त्यामुळे पेन्सिलने नंबर घातले. पुढच्या दोन ढिल्या केल्या. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या ताणानेच उभी असते, तर तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, तिच्या चार कोपऱ्यांना पेन्सिलच्या खुणा केल्या, फोटो काढले, आणि घोडी मोज्यात घालून पर्समध्ये. सूर बारीक मिळवायचे मणी, दोरे, एक जादा तारांचा संच छोट्या डबीत.

गळ्याखाली काय घालायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला, फोम तिथे पोचत नव्हता, दांडी अधांतरी राहत होती. आई खुर्चीवर बसून सगळं बघत होती, तिने मला आत पाठवलं, कपाटातल्या खालच्या कप्प्यात बघ म्हणाली. तिचं जुनं सुती पातळ होतं, जांभळं, धुऊन धुऊन अगदी रुमालासारखं मऊ झालेलं. त्याच्या घड्या करून गळ्याखाली घातल्या, उरलेलं भोपळ्याभोवती गुंडाळलं, डबा दोघांनी धरून हलवून पाहिला. आतून जरासुद्धा आवाज नाही. मग आई उठली, काठी धरून आली आणि डब्यावर हात ठेवून उभी राहिली. काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही.

रात्री एअरटॅग टाकला आत, डबा कुठे आहे ते फोनवर दिसावं म्हणून, लेकीने सांगितल्याप्रमाणे.

तिसरा दिवस, पुणे ते मुंबई

विमान पहाटे होतं पण आम्ही दुपारी दोनलाच निघालो, घाटात अडकलो तर काय ही भीती. टर्मिनल दोनला आठच्या आत पोचलो.

इथे जरा सविस्तर लिहिते कारण कुणाला उपयोग होईल. वाद्य विमानात न्यायचे तीन मार्ग. छोटं असेल, बासरी व्हायोलिन वगैरे, तर सोबत केबिनमध्ये. मोठं असेल तर त्याच्यासाठी वेगळी सीट विकत घ्यायची, मी तेही विचारलं होतं, पण तानपुऱ्याची उंची बसत नाही म्हणाले. तिसरा, सामानात देणे. नेहमीच्या बॅगेला लांबी रुंदी उंची मिळून 158 सेंटीमीटर आणि 23 किलो अशी मर्यादा असते, आमचा डबा वजनाला 14 किलोच होता पण मापात कुठच्या कुठे जात होता, म्हणून तिकीट काढल्याच दिवशी फोन करून नोंद करून घेतली होती आणि ईमेलवर होकार मागून घेतला होता. तो ईमेल छापून नेला हे फार बरं केलं. काउंटरवरचा मुलगा आधी नाहीच म्हणाला, एवढं मोठं घेत नाही मॅडम, मग कागद दाखवला, मग त्याने वरिष्ठांना बोलावलं, पाऊण तास गेला. पैसे भरले. मग एक फॉर्म पुढे केला, वस्तू नाजूक आहे, मोडली तर आम्ही जबाबदार नाही अशा अर्थाचा, सही करा. मी विचारलं की डबा हरवला किंवा उशिरा आला तर त्यालाही हे लागू का, तो म्हणाला नाही. ते त्याच्याकडून फॉर्मवर लिहून घेतलं आणि मग सही केली.

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाची भरपाई मॉन्ट्रियल करारानुसार ठरते, 2024 च्या शेवटापासून ती जास्तीत जास्त 1519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळमानाने 2000 डॉलर. वाद्य त्याहून महाग असेल तर चेक इन करतानाच किंमत जाहीर करून जादा पैसे भरता येतात. आणि नुकसान झालं तर 7 दिवसांच्या आत लेखी तक्रार, सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून 21 दिवसांत. पण आईच्या तानपुऱ्याची किंमत कुठल्या कागदावर काय लिहू मी.

मोठ्या सामानाच्या एक्स रे पाशी डबा उघडायला सांगितला. मी मुद्दाम कुलूप लावलं नव्हतं, पट्टेच होते. पातळाची घडी बाजूला केली, त्यांनी भोपळ्यात टॉर्च मारून बघितलं, आणि मी परत तशीच घडी घालेपर्यंत तो मनुष्य शांतपणे थांबला, दांडी धरून ठेवली त्याने. पुढे सिक्युरिटीला पर्समधल्या घोडीवरून थांबवलं. सीआयएसएफची पोरगी, तिशीचीही नसेल, मोज्यातून घोडी काढून उलटी सुलटी बघत होती. मी सांगितलं तानपुऱ्याची आहे, हिच्यावरून तारा जातात. तिने बोट फिरवलं माथ्यावरून आणि म्हणाली, गुळगुळीत आहे किती. म्हटलं तेच तर काम आहे.

खिडकीची सीट होती. बराच वेळ खाली बघत बसले की डबा दिसतो का, दिसला नाही. 2014 मध्ये उस्ताद अमजद अली खाँ यांचा सरोद लंडनहून दिल्लीला येताना हरवला होता, काही दिवसांनी सापडला, तेव्हा पेपरात वाचलेलं ते नेमकं त्या वेळी आठवलं आणि मग झोप लागलीच नाही.

चौथा दिवस, विमानात आणि शिकागो

मधला थांबा चार तासांचा. फोन लावल्या लावल्या टॅग बघितला, मुंबईतून आपल्या बरोबर आलाय हे दिसलं, जीव भांड्यात पडला. दुसऱ्या विमानात नऊ तास.

ओहेअरला उतरले, पट्ट्यावर माझी बॅग आली, मोठ्या सामानाच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. एक बाबागाडी आली, गोल्फच्या पिशव्या आल्या, एक सायकल आली. दार बंद झालं. फोनवर बघितलं तर डबा अजून त्या मधल्या एअरपोर्टवरच. तक्रार लिहून दिली, त्यांनी नंबर दिला, विमानात जागा नव्हती म्हणून उतरवला असेल, पुढच्याने येईल, असं सांगितलं. कस्टमवाल्यांना मी आपणहून सांगितलं की मागून एक वाद्य येतंय, वाळवलेल्या भोपळ्याचं, आत बी नाही, गर नाही, लाकूड अमुक. त्यांनी लिहून घेतलं. अशा गोष्टी लपवू नयेत, वनस्पतीजन्य म्हटलं की तिथे फार कडक असतात, पण सांगितलं की ऐकून घेतात.

बाहेर लेक उभी होती, माझ्या मागे बघत. मी एकटी आलेली बघून तिने मला मिठी मारली आणि मला रडू आलं.

आईला फोन केला नाही. पोचले एवढा मेसेज दादाला.

पाचवा दिवस

वाट बघणे. दिवसभर नकाशावरचा ठिपका तिथेच. संध्याकाळी तो थोडा हलला, मग परत तिथेच. घरात हीटर चालू झालेला होता, ऑक्टोबरच होता पण थंडी पडायला लागलेली, आणि हवा इतकी कोरडी की माझे ओठ फुटले. लेकीने ह्युमिडिफायर आणून ठेवला होता, आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांत ठेवायची, काट्याचं छोटं यंत्रही लावलेलं भिंतीवर. तिने सगळी तयारी केली होती, कोपरा साफ करून चटई टाकलेली. ती रिकामी चटई बघवत नव्हती.

सहावा दिवस

दुपारी चारला कुरियरची गाडी आली. डब्याचा खालचा एक कोपरा चिरलेला होता, पांढरं फायबर दिसत होतं. तिथल्या तिथे, सही करायच्या आधी, चारही बाजूंनी फोटो काढले. आणि मग उघडला नाही. हे सगळ्यात कठीण गेलं. थंड्या गाडीतून आलेलं वाद्य एकदम गरम खोलीत उघडलं तर लाकूड आणि भोपळा वेगवेगळ्या वेगाने फुगतात आकसतात आणि जोड सुटू शकतो, म्हणून बंद डबा निदान एक रात्र खोलीत ठेवायचा. रात्री दोनदा उठून मी डब्यापाशी जाऊन बसले.

सातवा दिवस

सकाळी दहाला उघडला. पातळ जसंच्या तसं होतं. दांडी सरळ, तबली सरळ, पेन्सिलच्या खुणा दिसत होत्या. भोपळा फिरवला आणि मागे, गळ्याच्या जोडापासून दोन बोटं खाली, एक रेघ. केसाएवढी, साधारण दोन इंच. आधी वाटलं पॉलिशचा ओरखडा आहे. नखाने बघितलं, नख अडकत होतं.

मिरजेत तेव्हा रात्रीचे साडेआठ. चाचांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी फोटो बघितला, मग म्हणाले ताई रडू नका, फोन भोपळ्याजवळ धरा आणि बोटाच्या पेराने वाजवा, रेघेच्या वर, मग खाली, मग रेघेवर. मी वाजवलं. परत वाजवा. तिकडे पूर्ण शांतता, त्यांनी दुकानात कुणालातरी गप्प केलेलं ऐकू आलं. "आतून सुटला न्हाई. सुटला असता तर फुटक्या मडक्यागत बोलला असता. वरची साल गेलीय." पातळ फेविकॉल बोटाने रेघेत भरायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, वरून कापडाची पट्टी ताणून बांधायची, एक दिवस तसाच ठेवायचा, पुढच्या वेळी मिरजेला आणाल तेव्हा नीट करून देतो. इतक्या लांबून त्या माणसाने टकटक ऐकून सांगितलं. फेविकॉल भारतीय दुकानात मिळाला. पट्टी पातळाच्याच काठाची फाडली. विमान कंपनीला फोटोंसकट तक्रार त्याच दिवशी पाठवली, त्यांची आपली पत्रापत्री अजून चालू आहे.

आठवा दिवस

संध्याकाळी पट्टी सोडली. खुंट्या नंबराप्रमाणे घातल्या, कोरड्या हवेत त्या आकसल्या होत्या, घसरत होत्या, त्यांना खडू चोळला, मग धरून राहिल्या. घोडी मोज्यातून काढून खुणांवर बसवली. हळूहळू चढवल्या तारा, एकदम सुरात नाही न्यायच्या, आधी दोन स्वर खाली, मग तासाने एक, मग उरलेलं. लेकीने खर्ज लावला, मी जोड, म्हणजे मधल्या सा च्या दोन तारा, पंचम परत तिने. दोरे सरकवताना माझे हात थरथरत होते म्हणून तेही तिनेच केलं, जीभ दातात धरून, चौथ्या तारेला किती तरी वेळ. आणि एका क्षणी तो उमलला.

रात्री नऊला, म्हणजे पुण्यात सकाळी साडेसातला, आईला व्हिडिओ कॉल लावला. सगळं सांगितलं तिला तेव्हा, उशीर, रेघ, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली वाजव. लेक वाजवायला लागली. आईचा चेहरा तसाच. "वाजव की गं." वाजवतेय आजी. "मला काही येत नाही ऐकू." पहिले दोन झणत्कार जायचे आणि मग पुढे काहीच नाही तिकडे. लेकीच्या लक्षात आलं, कॉलमध्ये आवाज गाळायची सोय असते, एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून ते काढून टाकतं. तानपुऱ्याला ते गोंगाट समजत होतं. मग झूम लावलं, त्यात मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सेटिंग असते संगीतवाल्यांसाठी, ती चालू केली, दादाने तिकडे आईला हेडफोन लावून दिला.

लेकीने परत सुरू केलं. पंचम, जोड, खर्ज. पंचम, जोड, खर्ज. आई डोळे मिटून होती. खिशातून काढल्यासारखी जुनी घोडी तिच्या हातात दिसत होती, फडक्यातून काढलेली, ती अंगठ्याने तिच्या माथ्यावरून हात फिरवत होती. दोन मिनिटं गेली असतील, तीन असतील.

"पंचम उतरलाय केसभर," आई म्हणाली. "मणी जरा खाली घे."

लेकीने मणी खाली ढकलला.

"हां. आता थांबू नकोस, वाजवत राहा."